जरा थांबता का?

शनिवार पेठ, पुणे ३०
बुधवार, सकाळ

तीर्थरूप सुशीलाआत्यांच्या चरणी,

प्रियदर्शनीचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवं कोपर सध्या वाकत नाही, तेव्हा हा नमस्कार सात अंगांनी केलेला आहे. आठव्याचं कारण पुढे येईल.) आपला उजवा गुडघा बदलून आता चार महिने झाले. तो एव्हाना रुळला असेल आणि जुन्या डाव्याशी त्याचं जमत असेल अशी आशा आहे. मिरजेची हवा, वरच्या मजल्यावरच्या बाईंचा रेडिओ आणि आपला रक्तदाब हे तिन्ही आटोक्यात असल्याचं आप्पांकडून कळलं. इकडे आप्पा मजेत आहेत. आई मजेत आहे. मीही मजेत आहे. लिफ्टमध्ये सापडून वगैरे मेलेले नाही. (हे वाक्य का लिहिलं तेही पुढे येईल. घाबरू नये.)

फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसली, असं आपण म्हणाल. कारणं दोन. फोनवर आपण बोलता आणि मी ऐकते. पद्धत चांगलीच आहे, पण तीत माझी बातमी आपल्यापर्यंत पोचत नाही. दुसरं म्हणजे, आमच्या घरात फोन कुठल्याही खोलीतून लावला तरी आप्पांचं पेपरवाचन बंद पडतं. (पान उलटल्याचा आवाज येत नाही, त्यावरून कळतं.) व्हॉट्सॲपवर मोठा मजकूर पाठवला की आपण तो न वाचता नुसते जोडलेले हात पाठवता. तेव्हा पत्र. येत्या सोमवारी मला आमच्या साहेबांना एक उत्तर द्यायचं आहे: पेठ विभागाच्या बेचाळीस लिफ्ट माझ्या जबाबदारीवर घ्यायच्या, की ऑफिसात फोनपाशी खुर्चीवर बसून लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या. त्याबाबत सल्ला किंवा मदत मागण्यासाठी हे पत्र मुळीच नाही. केवळ खुशाली कळवते आहे.

मी लिफ्ट दुरुस्त करते, हे आपल्याला नीट सांगितलं गेलं आहे की नाही याची मला शंका आहे. आप्पा लोकांना ‘वाहतूक क्षेत्रात आहे’ असं सांगतात. (ते खोटं नाही. वाहतूक आडवी नसून उभी आहे, एवढंच.) आमच्या कंपनीचं नाव ‘ऊर्ध्वगती’. मला नोकरी लागल्याचे पेढे द्यायला गेले तेव्हा शेजारच्या काकांनी कंपनीचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि मग, वैकुंठात कायम की कंत्राटी, अशी चौकशी केली. इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला आम्ही वर्गात तीन मुली होतो. कंपनीत मी एकटी. त्यामुळे कंपनीकडे माझ्या मापाचा गणवेश नव्हता. मला जो निळा शर्ट मिळाला तो माझ्याआधीच्या मेकॅनिकचा होता. बाह्या बोटांच्या खाली चार इंच, आणि खिशावर लाल दोऱ्याने ‘संतोष’ असं भरलेलं. दहा महिने मी पुण्यात संतोष म्हणून हिंडते आहे. लोक आधी खिसा वाचतात, मग माझ्या तोंडाकडे बघतात, आणि मग संतोष कधी येणार म्हणून विचारतात.

आता नारायण पेठेतल्या एका सोसायटीबद्दल सांगते, कारण कोपराचा संबंध तिच्याशी आहे. ‘सुखशिखर’ नाव, पाच मजले. तिथली लिफ्ट प्रत्येक मजल्यावर जमिनीच्या चार बोटं वर थांबते. रहिवाशांनी पंधरा वर्षांत तिला सांभाळून घेतलं आहे. आलेल्या पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी ते ‘अडखळलात का?’ असं विचारतात. तिथले सेक्रेटरी बापूराव. मी पहिल्यांदा त्यांची बेल वाजवली तेव्हा दार उघडण्याआधीच आतून, पाण्याचा फिल्टर नको आहे, असं उत्तर आलं. लिफ्टसाठी आले आहे म्हटल्यावर, मग लिफ्टची बेल वाजवा, माझी कशाला, असं सुचवण्यात आलं. मेकॅनिक मीच आहे हे सांगितलं तेव्हा त्यांनी दार उघडलं, माझ्या मागे पिशवी घेऊन उभे असलेले माझे मदतनीस गेनबा त्यांना दिसले, आणि त्यांचा चेहरा उजळला. “या, या, मिस्त्री!” असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावरून गेनबांचं स्वागत केलं. त्या दिवसापासून तिथे टपालखातं सुरू झालं. बापूराव प्रश्न गेनबांना विचारत. गेनबा तो मला विचारत. मी उत्तर गेनबांना देई, ते बापूरावांना देत, आणि बापूराव, “बघा, अनुभव म्हणजे अनुभव,” असं मला ऐकवत. आम्ही तिघंही एकाच दीड फुटात उभे असायचो.

मध्यंतरी साहेबांनी (त्यांचं नाव यज्ञेश्वर, स्वभाव नावापेक्षा थंड आहे) मला आत्मविश्वासाच्या शिबिराला पाठवलं. ‘पुरुषांच्या क्षेत्रातील स्त्री’ असा विषय होता. शिबिर घेणाऱ्या बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं की रोज सकाळी आरशासमोर पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, स्वतःच्या डोळ्यांत बघायचं आणि ‘मी सक्षम आहे’ असं दहा वेळा मोठ्याने म्हणायचं. आमच्या घरातला आरसा सकाळी आप्पांच्या दाढीकडे असतो, आणि त्या वेळात तिथे दुसऱ्या कोणी सक्षम असणं शक्य नसतं. पण लिफ्टमध्ये आरसे असतात. त्यामुळे मी हा अभ्यास कामावर करायचं ठरवलं. सहाव्यांदा ‘मी सक्षम आहे’ म्हणत असताना दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं. बाहेर लग्नाला निघालेलं अख्खं कुटुंब उभं होतं. मग त्यांच्यातले आजोबा म्हणाले, “बरं. आणि लिफ्ट?” त्यानंतर ते सगळे जिन्याने गेले, आजोबासुद्धा.

पण माझी खरी अडचण आरशात नव्हती, जिभेवर होती. आणि आत्या, राग मानू नये, ती तिथे आपण ठेवलेली होती. आमच्या कामाची रीत अशी आहे. जुन्या लिफ्टचं काम दोघांचं असतं. एक जण लिफ्टच्या टपावर उभा राहतो, दुसरा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. टपावरच्याला सगळं दिसतं, पण त्याच्या हातात काही नसतं. वरच्याच्या हातात सगळं असतं, पण त्याला दिसत काही नाही. (आपल्या घराण्यातल्या बऱ्याच संसारांची रचना अशीच आहे.) नव्या लिफ्टला टपावरच बटणं असतात. जुनीला नसतात, किंवा असली तरी चालत नाहीत. तेव्हा टपावरच्याने ओरडून शब्द द्यायचा, वरच्याने तोच शब्द ओरडून परत म्हणायचा आणि मग हात हलवायचा. शब्द तीनच: वर, खाली, थांब. शब्द परत आला नाही तर तो ऐकलाच गेला नाही असं समजायचं. यावर माणसाचा जीव असतो.

आता आपण लावलेलं वळण आठवावं. मे महिन्याच्या सुट्टीत आपण आम्हां भावंडांना ओळीने बसवून शिकवलंत की आज्ञा करू नये, विनंती करावी. वाक्याच्या सुरुवातीला ‘जरा’ घालावा, शेवटी ‘का’ लावावा. म्हणजे कोणाचा अपमान होत नाही आणि आपलं कामही होतं. मोठ्या माणसाला एकेरीत बोललं तर त्या दिवशीचा आंबा बंद. माझा एकदाही बंद झाला नाही. आणि हे गेनबा! मांजरी गावाहून रोज येतात, अठ्ठावन्न वर्षांचे, तीस वर्षं लिफ्टमध्ये काढलेली, नात पाचवीत. त्यांच्या हाताखाली (म्हणजे कागदोपत्री ते ज्यांच्या हाताखाली होते असे) चार प्रमुख येऊन गेले. अशा माणसाला मी नुसतं ‘वर!’ कसं म्हणणार? मी म्हणायची, “गेनबाकाका, जरा वर घेता का?” त्यावर वरून उत्तर यायचं, “जरा म्हंजी किती?” मी सांगायची, काका, वीतभर. मग थोड्या वेळाने लिफ्ट हातभर वर जायची. “काका, जरा थांबता का?” हे वाक्य म्हणायला दोन सेकंद लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं आहे, आणि दोन सेकंदांत लिफ्ट मुक्कामाला मागे टाकते. एकदा तर, “थांबतो की, मला कुठं गाडी गाठायचीय,” असं उत्तर आलं, आणि लिफ्ट मात्र चालूच राहिली. त्यांना वाटलं मी चहासाठी थांबायचं विचारते आहे. माझा शब्द ते कधीच परत म्हणत नसत. मी दहा महिने अशी समजूत करून घेतली होती की बाईचा शब्द परत म्हणायला त्यांना कमीपणा वाटतो. घरी येऊन मी त्यावर रडलेही आहे, तेही दोनदा.

गेल्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी ‘सुखशिखर’च्या लिफ्टच्या टपावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये होते. ती चार बोटं काढायचीच, असा निश्चय होता. तळमजल्यावर ‘काम चालू आहे’ ही पाटी मी स्वतः अडकवली होती. बापूरावांनी ती काढून ठेवली, कारण सोसायटीच्या आवारात परवानगीशिवाय फलक लावता येत नाही. मग पाचव्या मजल्यावरच्या सोजरबाई भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तळमजल्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि लिफ्टला हाका मारू लागल्या. बापूराव पाच जिने चढून मशीनच्या खोलीत गेले आणि गेनबांना म्हणाले, काम झालंच असेल एव्हाना, जरा वर घेऊन बघता का? (खाली बोलावण्याआधी ती चालते का, ते त्यांना बघायचं होतं.) आणि गेनबांनी घेतली. तेच शब्द, आत्या. तोच ‘जरा’, तोच ‘का’. माझ्या तोंडी तो प्रश्न होता आणि बापूरावांच्या तोंडी हुकूम झाला. फरक कशात होता ते मी आपल्यालाच विचारते, कारण व्याकरण आपण शिकवलंत.

लिफ्ट वर निघाली. टपाबरोबर मीही वर निघाले. संतोषची बाही मात्र भिंतीतल्या एका लोखंडी पट्टीत अडकून खाली राहिली. बाहीत माझा हात होता. इथे विनोद बाजूला ठेवते. मला भीती वाटली. इतकी, की ‘काका’, ‘जरा’, ‘का’ यांतलं एकही आठवलं नाही. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा नव्हता. तो मी आधी एकदाच ऐकला होता, नवव्या वर्षी, एका मुंजीत. पहिल्या पंगतीला बसवलं नाही म्हणून आप्पा रागावून मांडवातून निघाले होते. चाळिशीचे, ऑफिसात हेडक्लार्क, एक पाय चपलेत घातलेला. आई मनधरणी करून थकली होती. आपण स्वयंपाकघराच्या दारातून, वाढायचा डाव हातात धरून, दोनच शब्द म्हणालात: “अप्प्या, थांब!” आप्पांचा दुसरा पाय हवेतच राहिला. मग ते परत आले आणि चार जिलब्या जेवले. त्या वेळी आपण ना ‘जरा’ घातला होता ना ‘का’. परवा त्याच आवाजात, त्याच पट्टीत मी ओरडले, “गेन्या, थांब!”

लिफ्ट थांबली. वरून आवाज आला, “थांबलो!” दहा महिन्यांत पहिल्यांदा शब्द परत आला. खाली सोजरबाई पिशव्यांसकट पायरीवर बसल्या. बापूराव परत निघाले होते, ते गच्चीच्या जिन्यात जिथे होते तिथे उभे राहिले आणि पुढे पंधरा मिनिटं, कोणी सांगेपर्यंत, हलले नाहीत. शेजारच्या इमारतीतला रंगारीही हातातला ब्रश धरून थांबला होता, असं नंतर कळलं. बाही खांद्यापासून फाटली. हात शिल्लक राहिला. कोपराला मार आहे, पण हाड शाबूत आहे. (डॉक्टरांनी दोनदा बघितलं.) मी तिसऱ्या मजल्यावर उतरले आणि अर्धा तास तिथेच जमिनीवर बसून राहिले. मग गेनबा खाली आले. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला भर सोसायटीत ‘गेन्या’ म्हटलं होतं. मी उठून त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला परत बसवलं. तेही शेजारी बसले.

ते म्हणाले, “थांब म्हनलीस म्हून हात थांबला. थांबता का म्हनली असतीस तर मी इचारात पडलो असतो.” मग मी विचारलं, की काका, इतके दिवस तुम्ही माझा शब्द परत का म्हणत नव्हतात? त्यावर ते म्हणाले की शब्द असेल तर परत म्हणता येतो. मी म्हणायची ते एवढं लांब असायचं की परत म्हणायचं तर मधे चहा लागला असता. (मी दोनदा रडले होते ते याच्यासाठी.) शेवटी त्यांनी नियम घालून दिला. “कामात गेन्या म्हन. खाली आल्याव काका म्हन. उलटं नको करू.” दुसऱ्या दिवशी कोणी विचारायच्या आत ते साहेबांकडे गेले आणि सांगून आले की दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिफ्ट हलवली, चूक माझी हाय, आता टपावर ही असली तर मी दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाय, तुमचंबी नाय. साहेबांनी थोडा वेळ विचार केला. चार प्रमुखांना जे जमलं नाही ते हिला कसं जमलं, असा तो विचार असावा. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला बोलावून पेठ विभाग देऊ केला. मला फार आनंद झाला, आत्या. इतका, की घरी येताना मी नदीपात्राच्या रस्त्याला लागले आणि उगाचच लांबून आले.

असो. ‘सुखशिखर’ची लिफ्ट आता जमिनीला बरोबर थांबते. रहिवाशांना त्याचा त्रास होतो आहे; सवयीने पाय उचलून टाकल्यामुळे दोन जण नव्याने अडखळले. बापूरावांनी लेखी तक्रार केली आहे. तक्रारीवर प्रथमच ‘मेकॅनिक मॅडम यांस’ असं लिहिलं आहे, ते मी जपून ठेवलं आहे. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जपावं, जिना टाळावा, आणि लिफ्टमध्ये पाऊल टाकण्याआधी ती खरोखर आलेली आहे ना हे पाहून मगच टाकावं. धंद्यातली आहे म्हणून सांगते.

आपल्याच वळणाची,
प्रियदर्शनी

ता. क. मागच्या वेळी लोणच्याची बरणी झाकणाविना परत आली म्हणून आपण आईला बोलला होतात. झाकण सापडलं. ते आप्पांच्या टेबलावर टाचण्या ठेवायच्या कामी लागलं होतं.

ता. क. दुसरा. आप्पांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. गुरुवारी संध्याकाळी फाटकी बाही त्यांनी पाहिली. शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ‘भाजी आणतो’ म्हणून गेले आणि भाजी न घेता आले. ते आमच्या साहेबांकडे गेले होते, हे मला साहेबांकडूनच कळलं. “मुलीला जरा ऑफिसात बसवता का?” असं त्यांनी विचारलं, आणि साहेब म्हणाले, बसवतो की. एवढ्या सौजन्याने विचारल्यावर कोण नाही म्हणणार? फोनपाशी खुर्ची आली ती अशी. मला न विचारता, आत्या. सत्ताविसावं चालू आहे मला. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण ते भीतीने गेले हे मला कळतं; रोज मी घरी येईपर्यंत ते गॅलरीत उभे असतात, आणि मी दिसले की पेपर वाचत असल्याचं दाखवतात. आईचं ते ऐकत नाहीत. माझं ऐकायला मी अजून काही बोललेलेच नाही. घरात माझ्या तोंडून अजून ‘जरा’च निघतो. आप्पांना एकेरीत हाक मारणारं माणूस या जगात एकच उरलं आहे. तेव्हा हे पत्र मिळताच (स्पीड पोस्टने टाकते आहे, शनिवारपर्यंत पोचेल) आपण एक फोन करावा आणि मुंजीत म्हणाला होतात ते दोन शब्द म्हणावेत. आणखी काही म्हणायची गरज पडणार नाही.

ता. क. तिसरा. फोन करू नये. पाकीट बंद करायला डिंक शोधत हॉलमध्ये गेले, तर आप्पा तिथे बसून कुणाला तरी, मुलगी सोमवारपासून ऑफिसातच असेल, असं सांगत होते. ते फोन ठेवेपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, “आप्पा, मी ऑफिसात बसणार नाही. पेठ विभाग घेणार आहे. तुम्ही परत साहेबांकडे जायचं नाही.” तीन वाक्यं झाली, आत्या, आणि तिन्हींत ना जरा ना का. माझा आवाज चढलेला नव्हता. आप्पांनी माझ्या कोपराकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, “मोठ्या माणसांशी असं बोलायला तुला शिकवलं कोणी?” मी आपलं नाव सांगितलं. ते आता चष्मा शोधत आहेत. सापडला की आपल्याला फोन लावतील. म्हणजे हे पत्र आपल्या हातात पडेल तेव्हा त्यांनी आपल्याला विचारून झालेलं असेल आणि आपणही काही तरी उत्तर देऊन मोकळ्या झालेल्या असाल. जे दिलं असेल ते मला मान्य आहे. फक्त ‘मी नाही शिकवलं’ असं म्हणाला नसाल, एवढी आशा करते.